हंड्यात पडणारी कवळी

मी कवळी बोलतेय. वरच्या जबड्याची. लगेच नाक मुरडू नका, नाक मुरडण्याचा पहिला मान माझा आहे. तुम्ही मला फार तर एखाद्या म्हाताऱ्याच्या पेल्यात पाहिलं असेल, तेही चुकून, आणि घाईने मान फिरवली असेल. मी तेरा वर्षं माणसाच्या तोंडात राहिले आहे. किळस कशाला म्हणतात ते मला विचारा.

माझा जन्म १९७३ सालचा, धारवाडचा. मुकुंदराव नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांचे वरचे सगळे दात तंबाखूने आणि पायोरियाने गेले होते. दंतवैद्याने त्यांच्या तोंडात ओल्या प्लास्टरचा गोळा दाबला आणि गप्प बसायला सांगितलं. ते काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तोंड भरलेलं असतानाच ते डॉक्टरांना कसलीशी गंमत सांगायला गेले आणि साचा बिघडला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांची हनुवटी घट्ट धरून ठेवली, तेव्हा कुठे माझा आकार ठरला.

गुलाबी हिरडी आणि चौदा शुभ्र दात. मी देखणी होते, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. पण मला बसवलं कुठे, तर त्या तोंडात! खाली त्यांचे स्वतःचे सात दात उरले होते, काळे, कडेला झिजलेले, तंबाखूचा वास मारणारे. जन्मभर त्यांच्यावर आपटत राहायचं हे माझं नशीब. पहिल्याच दिवशी मुकुंदरावांनी माझा मुहूर्त गिरमिटावर केला. कुरमुरे, कांदा, चिंचगुळाचं पाणी, डाळ्याचं पीठ, सगळा ऐवज माझ्या आणि टाळूच्या मधे जाऊन बसला. त्यावर तोंड गोड करायला म्हणून पेढा. तो संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीला चिकटून होता. शी!

मुकुंदराव हुबळीच्या बाजारात आप्पासाहेबांच्या भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं काम करत. आमच्याकडे लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव हवंच. कोणाकडून, कोणाला, कुठल्या तारखेला. मराठी अक्षरं असोत की कन्नड, मुकुंदराव दोन्ही सारख्याच सफाईने घालत. मांडीवर भांडं, एका हातात छोटी छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. ठक ठक ठक. आणि प्रत्येक ठोक्याला माझा तो खालच्या काळ्यांशी मुका.

समोर लोक बसलेले असायचे. एवढ्याशा वाटीवर अख्ख्या खटल्याची नावं घालून मागणारे. धाकट्या जावेचं नाव आपल्या नावाखाली आलं पाहिजे म्हणून अडून बसणाऱ्या. आहेर मोठा दिसावा म्हणून लहान तांब्यावर मोठी अक्षरं घाला म्हणणारे. मुकुंदराव मान खाली घालून ठोकत राहायचे आणि ऐकत राहायचे.

"नाव घालायला आलेला माणूस अर्धा तास खरं बोलतो," ते म्हणत. "कारण त्याला वाटतं, ह्याचं लक्ष भांड्यात हाय."

हीच त्यांची सगळी शिदोरी. दिवसा ऐकलेली माणसं संध्याकाळी ते लोकांपुढे उभी करत. मुकुंदराव नकला करायचे. गणपतीत, शाळेच्या संमेलनात, बायकांच्या हळदीकुंकवात, कुठेही. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, कारण समोर बसलेलेही तसेच निम्मे निम्मे असायचे. रोज सकाळी ते धारवाडातल्या मळमड्डीतल्या घरून निघून बसने हुबळीला जायचे आणि वाटेत खिडकीशी बसून ओठ हलवत राहायचे. शेजारच्याला वाटायचं, जप चाललाय. जप कसला, जावेचं भांडण!

त्यांच्या डोक्यात कल्पना यायच्या त्या हातोडीबरोबर. दोन ठोक्यांच्या मधे एक जागा असते, त्या जागेत वाक्य बसवायचं, असं त्यांचं तंत्र होतं. पुढे दुकानात नावं घालायचं विजेचं मशीन आलं. ते एकसारखं घुर्र करत राहायचं. माझी तर हिरडी बधिर व्हायची. मुकुंदराव चिडून म्हणाले, "ह्या मशीनला श्वासच न्हाई. मी विनोद कुठं घालू?" पण आप्पासाहेबांना काम लवकर हवं होतं. मशीन राहिलं.

नकलांबद्दल त्यांचा एक नियम होता, तो मी बसमध्ये शंभरदा ऐकला असेल. नक्कल करायची तर तो माणूस आधी आवडला पाहिजे. आवडला नाही आणि तरी केली, तर ती नक्कल नाही, चेष्टा. नियम चांगला होता. पाळला असता तर आणखी चांगला झाला असता.

आता माझ्या पडण्याचं सांगते.

१९७४ चा गणपती. हुबळीच्या विद्यानगरातला मांडव. मुकुंदराव एका तापट सासूची नक्कल करत होते. सासू सुनेवर ओरडते, "हे भांडं माझ्या माहेरचं!" त्या ओरडण्याच्या जोराने मी टाळूवरून सुटले आणि उडून थेट तबलजीच्या मांडीवर जाऊन पडले. तबलजी किंचाळला. मांडवात जे हसू फुटलं, ते मुकुंदरावांनी पंधरा वर्षांच्या नकलांत कधी ऐकलं नव्हतं.

मी तबलजीच्या धोतरावर उताणी पडून लोकांकडे बघत होते. तुम्ही कलावंताला विचाराल तर तो सांगेल, प्रेक्षक म्हणजे मायबाप. मला विचाराल तर प्रेक्षक म्हणजे उघडी तोंडं. पानाने लाल झालेली, किडलेली, दाढेत शेंगदाणा अडकलेली, पडजीभ हलणारी. पाचशे तोंडं एकदम उघडली की काय दिसतं, ते देवाने कुणाला दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी हणमंत घरी आला. गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात तो फोरमन होता आणि आजूबाजूचे सगळे कार्यक्रम ठरवायचा. म्हणाला, "मुकुंदण्णा, बाकी काय बी करा, पण ते दात पडायचं तेवढं ठेवा बघा. लोक घरी जाऊन तेवढंच सांगूलालेत."

मुकुंदराव हसले. मला वाटलं, हा माणूस नाही म्हणेल. म्हणाले, "बघू की."

पंधरा दिवसांत त्यांनी ती विद्या हस्तगत केली. जिभेचं टोक माझ्या मागच्या कडेखाली घालायचं, थोडी हवा आत सोडायची, आणि नेमक्या शब्दाला मला बाहेर ढकलायचं. मग मला उचलायचं, धोतराला पुसायचं, कपाळाला लावायचं आणि परत तोंडात. धोतराला! जे धोतर सकाळपासून दुकानात, बसमध्ये, स्टँडवर फिरून आलेलं असायचं!

पुढे पुढे लोक थांबायलाच तयार नसत. पहिली नक्कल चालू असतानाच मागून ओरडा सुरू व्हायचा, "हल्लु! हल्लु बीळस्री!" दात पाडा, दात. मग पहिली नक्कल तिथेच सोडून मुकुंदराव दात पाडायचे. दुकानात अर्धा तास मान घालून ऐकलेलं, बसमध्ये घोळवलेलं, ठोक्यागणिक बसवलेलं, ते सगळं वाया. लोकांना हवी होती मी. आणि मला लोक नको होते.

१९७८ साली दंतवैद्य म्हणाले, हिरडी आकसली आहे, ही कवळी सैल झाली, नवी करून घ्या. मुकुंदरावांनी विचारलं, "नवी पडंल काय हो, डॉक्टर?"

डॉक्टरांना वाटलं, गंमत करतायत. मला माहीत होतं, गंमत नव्हती.

घरी मुकुंदरावांची एक थोरली बहीण होती, भागीरथीअक्का. घरात दोघंच. अक्का पापड-शेवया करून देत, भावाला जेवायला वाढत, आणि माझा मनापासून तिटकारा करत. मला त्यांचा कधी राग आला नाही. त्या घरात माझ्यासारखा विचार करणारं तेवढं एकच माणूस होतं. माझा पेला त्यांनी कधी हातात घेतला नाही. त्यावर एक ताटली पालथी घालायच्या आणि चिमट्याने सरकवून मोरीच्या फळीवर ठेवायच्या. त्यांचे स्वतःचे दात केव्हाच गेले होते. त्यांनी कवळी करून घेतली नाही. बोळक्या तोंडाने भाकरी आमटीत कुस्करून खायच्या.

भावाचा कार्यक्रम त्यांनी पूर्वी खूपदा पाहिला होता. मी पडायला लागले तेव्हापासून जाणं बंद केलं. "तोंडातलं काढून चारचौघांत दाखवायचं, हे कसलं कौतुक रे, मुकुंदा?" त्या म्हणाल्या. "मला न्हाई बघवत." मुकुंदरावांनी मला पेल्यात टाकलं आणि पाठ फिरवली.

या अक्कांची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. १९४६ साली त्यांचं लग्न झालं, खानापूरकडे. मुकुंदराव तेव्हा नुकते छिन्नी धरायला शिकले होते. अक्कांच्या रुखवतातल्या तांब्याच्या हंड्यावर नाव घालायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं. नाव नीट आलं. मग शोभेला म्हणून त्याखाली पोपट काढायला गेले, आणि छिन्नी अशी घसरत गेली की पोपटाची कोंबडी झाली. सोळा वर्षांचा मुलगा रडकुंडीला आला. अक्का ती कोंबडी बघून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नवरीच्या गालावरची हळद ओघळली. मुकुंदराव म्हणत, आपण हसवू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा पहिला प्रेक्षक अक्का.

सात वर्षांनी अक्कांच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला आणि अक्का नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आल्या. भांडी तिकडेच राहिली.

आता जे सांगणार आहे त्याची मला सर्वांत जास्त किळस आहे. गिरमिटापेक्षा, तंबाखूपेक्षा, त्या धोतरापेक्षा.

१९८१ साल, दसऱ्याच्या आधीचे दिवस. दुकानात एक बाई आणि दोन पुरुष पोतं घेऊन आले. दिवाळीनंतर मुलीचं लग्न होतं. पोत्यातून चार-पाच जुनी भांडी निघाली. बाई म्हणाली, "घरचंच जुनं हाय. वापरणारी आता कोण न्हाई. हे नाव खोडा आणि आमच्या हेमावतीचं घाला."

मुकुंदरावांनी तांब्याचा हंडा मांडीवर घेतला, अंगठ्याने त्यावरची काळोखी पुसली. खाली नाव होतं, भागीरथी. आणि नावाखाली कोंबडी.

त्यांनी दात इतके आवळले की मला वाटलं आता मी मधोमध तडकते.  एक शब्द पुरेसा होता. हा हंडा माझ्या बहिणीचा आहे. एवढंच. समोरची माणसं अक्कांच्या सासरची होती, पण मुकुंदरावांना ओळखत नव्हती. आप्पासाहेब गादीवरून म्हणाले, "मुकुंदा, हात चालव. त्यांना बस गाठायची हाय."

आणि मुकुंदराव बोलले. सवयीने. "काय वैनी, म्हाताऱ्या हंड्याचं दुसऱ्यांदा बारसं म्हणायचं!"

बाई हसली. दोघं पुरुष हसले. आप्पासाहेब पोट धरून हसले. झालं. एकदा समोरचे हसायला लागले की मुकुंदरावांना त्यांना नाही म्हणता येत नसे. हे त्यांचं खरं दुखणं, आणि त्यावर कुठल्या डॉक्टरकडे साचा नव्हता. त्यांनी मशीन सुरू केलं. भागीरथी या नावावर वेलबुट्टी काढून ते बुजवलं आणि शेजारी हेमावती लिहिलं.

"आणि ते कोंबडं बी काढा," बाई म्हणाली. "बघायला बरं दिसत न्हाई."

मुकुंदरावांनी तेही घासून काढलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला लगेच काढून ठेवलं. पोट बिघडलंय म्हणून जेवले नाहीत. अक्कांनी ताकभात कालवून पुढे ठेवला, तोही तसाच राहिला. अक्कांना त्यांनी काही सांगितलं नाही.

अक्कांना सांगितलं नाही, पण लोकांना सांगितलं! चार दिवसांनी खंडेनवमीला हणमंतच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा घातलेल्या लेथ मशीनसमोर कार्यक्रम झाला, आणि मुकुंदरावांनी नवी नक्कल काढली. हंडा. खानापूरची बाई, तिचं पोतं, तिची घाई, "ते कोंबडं बी काढा." त्या बाईवर त्यांचा राग होता, आणि रागाने केलेली नक्कल फार धारदार होते. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. शेवटी मुकुंदरावांनी दुकानातून आणलेला एक खरोखरचा हंडा पुढे धरला, वाकले, आणि मला आत टाकलं.

खण्ण!

तो आवाज अजून माझ्या हिरडीत आहे. हंड्याच्या तळाशी अंधारात मी पडले होते आणि वर कारखाना हसत होता. ज्या गोष्टीने हा माणूस जेवला नव्हता, तिचाच खेळ करून तो टाळ्या घेत होता, आणि त्या खेळाची घंटा मी होते. मला त्याची शिसारी आली आणि माझी स्वतःचीही.

पाच वर्षं हंडा चालला. तेवढ्यात खालचे ते सात काळेही एकेक करून गळून गेले. मुकुंदराव पोत्यात हंडा घालून बसने गावोगाव फिरले. नवीन काही सुचेना. सुचलं तरी कुणी ऐकेना. बसमधला तो जप बंद झाला. "लोक विनोदाला हसत न्हाईत, अक्का," ते एकदा घरी म्हणाले. "लोक पडण्याला हसतात. पडणारा दुसरा असला म्हणजे झालं." अक्का शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी वळून भावाकडे नुसतं बघितलं.

१९८६ च्या मार्गशीर्षात मळमड्डीतल्या मंडळींनी मुकुंदरावांच्या सत्काराचा घाट घातला. शाल, नारळ आणि त्यांचाच कार्यक्रम. शेजारच्या इंदुमतीबाई अक्कांच्या मागे लागल्या. भावाचा सत्कार गल्लीत, आणि तुम्ही घरी बसणार? अक्का हो म्हणाल्या. बारा वर्षांनी पहिल्यांदा.

मुकुंदरावांची झोप उडाली. दंतवैद्याकडे जाऊन कवळी चिकटवायची पावडर आणली. आरशासमोर बसून मला टाळूवर दाबून धरलं आणि माझ्याशी बोलले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. "आज तेवढी पडू नको. आज मला तिला सांगायचं हाय."

काय सांगायचं होतं ते मला बसमध्येच कळलं होतं, कारण त्या आठवड्यात जप पुन्हा सुरू झाला होता. हंड्याची गोष्टच, पण खरी. नाव कुणाचं होतं. खोडलं कुणी. अक्कांना घरात, समोरासमोर बसून ते सांगणं त्यांना जमत नव्हतं. त्यांना सगळं उभं राहून, लोकांपुढेच सांगता यायचं. या धंद्याचा हा एक विचित्र शाप आहे.

संध्याकाळी सभागृह भरलं. निवृत्त मास्तर, कॉलेजची मुलं, हणमंत आणि त्याची कारखान्यातली फौज. दुसऱ्या रांगेत कडेला अक्का, डोक्यावरून पदर घेऊन. शाल झाली, नारळ झाला. मुकुंदराव उभे राहिले. हातात हंडा नव्हता.

"आज हंड्याचं खरं सांगतो," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंदराव रुखवतापासून सुरू झाले. सोळा वर्षांचा मुलगा, नवी छिन्नी, पोपट. मागे चुळबुळ सुरू झाली. मग हणमंतच्या रांगेतून आवाज आला, "हल्लु!" दुसरा आला. मुकुंदराव थांबले नाहीत. दुकान, पोतं, बाई. "मी तो हंडा मांडीवर घेतला," ते म्हणाले, "आणि त्याच्यावर नाव होतं, ते..."

इथे त्यांचा आवाज फाटला. मी सांगते, मी धरून ठेवलं. पावडरीने धरलं, टाळूला धरलं, जिथे जिथे धरता आलं तिथे धरलं. पण तेरा वर्षांची सैल झालेली मी, बारा वर्षं मुद्दाम पाडलेली. त्या नावाचा पहिला श्वास बाहेर आला आणि त्याबरोबर मीही. टप्प. मंचाच्या लाकडी फळ्यांवर, अगदी पुढच्या कडेला.

सभागृह फुटलं. पुन्हा तीच तोंडं. लाल, काळी, पिवळी. "हंडा आणा, हंडा!" हणमंत तर उभाच राहिला. त्यांना वाटलं, काय झकास वेळ साधली! मुकुंदराव खाली वाकले. मग त्यांचा हात मला उचलायला खाली आला. तो हात मी ओळखत होते. आता धोतराला पुसणार, कपाळाला लावणार, तोंडात घालणार, आणि उरलेली गोष्ट नेहमीच्या हंड्यात बुडणार.

पण त्या हाताआधी दुसरा हात आला. सुरकुतलेला, पापडाच्या पिठाचा वास असलेला. अक्का रांगेतून उठून मंचाच्या कडेशी आल्या होत्या. ज्या बाईने तेरा वर्षांत माझ्या पेल्यालाही हात लावला नव्हता, तिने मला उघड्या बोटांनी उचललं, थुंकीसकट, पावडरीसकट.

"ऱ्हाऊ दे हे," त्या भावाला म्हणाल्या. "तसंच सांग. मला कळतंय."

आणि मला तळहातावर घेऊन जागेवर जाऊन बसल्या.

मुकुंदराव बोळक्या तोंडाने बोलू लागले. सुरुवातीला लोक हसले, कारण शब्द फुसफुसत होते. ते फुसफुसणं ऐकायला कान द्यावा लागत होता. मग कान द्यायला एकेक तोंड मिटत गेलं. "नाव माझ्या अक्काचं होतं. पहिल्यांदा घातलं मी आणि खोडलं बी मीच. मी न्हाई म्हणालो न्हाई. का, तर समोरचे हसत होते. तुमच्यासारखे."

आता एकही तोंड उघडं नव्हतं. हणमंत कधी खाली बसला ते कळलं नाही.

मग मुकुंदरावांनी खांद्यावरची सत्काराची शाल डोक्यावरून घेतली. दात नसलेलं ते तोंड, आत गेलेले ओठ, पुढे आलेली हनुवटी. मी अक्कांच्या तळहातावरून वर बघितलं, मग समोर बघितलं. तेच तोंड. इतकी वर्षं माझ्यामुळे ते लपलं होतं. भावाचं तोंड बहिणीचं होतं.

त्या तोंडाने अक्का बोलल्या, १९४६ सालच्या अक्का. "मुकुंदा, पोपट काढाय गेलास आणि कोंबडी काढून ठेवलास की रे! आता सासरी जाऊन मी ह्याला मिठू मिठू म्हणू की दाणं घालू?"

कुणी हसलं नाही. हसावं की नाही ते कुणाला कळेना. फक्त माझ्याखालचा हात हलायला लागला. अक्का हसत होत्या. पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मी आयुष्यभर उघडी तोंडं बघितली आणि ओकारी दाबली. त्या दिवशी अख्ख्या सभागृहात एकच तोंड उघडं होतं, त्यात एकही दात नव्हता, आणि मला त्याची किळस आली नाही.

घरी चालत जाताना अक्का म्हणाल्या, "मला ठाऊक होतं रे. इंदुमती तुझी नक्कल बघून आली तवाच. कोंबडं म्हणाली, आणि मी काय ते समजले. हसून हसून सांगत होती बिचारी. मीही हसले तिच्यासमोर."

"मग बोलली न्हाईस?"

"तू बोलायचं ते मी कशाला बोलू?"

मुकुंदराव गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले आणि लहान मुलासारखे रडले. अक्कांनी त्यांना रडू दिलं. मी पदराच्या गाठीत होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मुकुंदरावांनी नवी कवळी केली नाही. भाऊबहीण दोघंही भाकरी आमटीत कुस्करून खातात. बोलावणी कमी झाली. हणमंत आता दुसऱ्या कुणाला आणतो, तो म्हणे कानात बिडी घालून धूर काढतो. चालू दे. मुकुंदराव नावं घालायला अजून जातात, जुनी हातोडी काढून एखादं नाव हाताने घालतात, आणि बसमध्ये ओठ हलतात. शेजारी बसलेल्यांना आता शब्द कळत नाहीत, म्हणून जपच वाटतो.

मला पेल्यातून काढून तांब्याच्या एका डबीत ठेवलंय, कोरडी, अक्कांच्या सुया-बटणांशेजारी. स्वच्छ शेजार कसा असतो तो मी म्हातारपणी बघतेय. डबीच्या झाकणावर मुकुंदरावांनी एक पक्षी कोरलाय. चाळीस वर्षं छिन्नी धरलेला हात त्यांचा, पोपट सहज जमला असता. त्यांनी मुद्दाम कोंबडी काढली, की खरंच पुन्हा बिघडला, हे मला ठाऊक नाही. अक्का मात्र डबी उघडताना दर वेळी हसतात.

तुम्हाला एकच सांगते आणि थांबते. कुणी पडलं की तुम्हाला हसू येणारच, ते तुमच्या हातात नाही. हसा. पण तो उठून पुढे काय सांगतोय, तेवढं ऐकायला थांबत जा. तोवर तोंड मिटून ठेवा, मला आतलं बघायचं नाही. आणि आता ही डबी लावून टाका. कोंबडी वरच्या बाजूला येऊ द्या.